भागुजीशेठची पलटी

भागुजीशेठ बोलल्या भावाला गाडी देतात, असं जालन्यात कोणी सांगितलं तर समजावं की सांगणारा परगावचा आहे. आदल्या दिवशी ठरलेला भाव दुसऱ्या दिवशी मोडायचा, हा त्यांचा नित्यनेम होता. भोकरदन रोडला त्यांची जुन्या गाड्यांची जागा होती. तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, शेडखाली एक बाज आणि समोर धुळीत उभ्या दहा-बारा गाड्या. दुकानाला पाटी नव्हती. पाटीचं काम बदनामी करत होती. भागुजीशेठ जाऊन आता वर्ष होत आलं, त्या जागेवर फरशीचं दुकान झालंय. तरी ऑफिसला जाताना एसटी तिथून गेली की माझी मान आपोआप त्या बाजूला वळते, आणि शेजारी बसलेला माणूस विचारतो, कोणी ओळखीचं दिसलं का?

अंगानं किरकोळ माणूस. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खांद्यावर पंचा. त्या पंच्यानं ते आधी स्वतःचं कपाळ पुसत आणि मग त्याच पंच्यानं गाडीची काच. वडील बैलांचे दलाल होते, आठवडी बाजार फिरायचे, त्यामुळे गाडी बघायची भागुजीशेठची पद्धत गोठ्यातलीच राहिली होती. आधी उकिडवं बसून चाकांकडे बघायचं, मग बाजूनं हात फिरवत एक चक्कर मारायची, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचं. गाड्या धुवून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. "आंघोळ घातल्यावर कोणबी चांगलंच दिसतं," म्हणायचे. आणि 'सेकंड हँड' हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा एका पोरसवदा गिऱ्हाईकानं उच्चारला, तर म्हणाले, "चाललेली गाडी म्हणा. बिजवर नवरदेवाला मांडवात सेकंड हँड म्हणता का?" ते गिऱ्हाईक बिचारं स्वतःच्याच लग्नासाठी गाडी बघायला आलेलं होतं.

आता ती पलटी कशी असायची, ते सांगितलं पाहिजे. आमच्या ऑफिसात मुळेसाहेब म्हणून आहेत, त्यांनी भागुजीशेठकडून दोन गाड्या घेतलेल्या. त्यामुळे या विषयातलं शेवटचं मत त्यांचं. मला गाडी घ्यायची आहे म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"हे बघ, आज भाव ठरंल. तू इसार देशील. तो इसार खिशात घालील, तुझ्या हातात हात देईल. सगळं पक्कं. उद्या सकाळी तू गेला की तोंड पाडून बसलेला असंल. म्हणंल, रात्रभर झोप न्हाई, या भावात जमत न्हाई, पाच वाढवा. तू चिडायचं न्हाई. वाढवायचे तर बिलकुल न्हाई. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या, बाहेर पडायचं. फाटकापर्यंत हाक येती."

"आणि नाहीच आली तर?"

"समोर पानटपरी आहे. तिथं थांबायचं. आतापर्यंत टपरीच्या पुढं कोणाला जावं लागलं न्हाई."

हा सगळा खेळ ज्यांना ठाऊक नव्हता त्यांची फजिती व्हायची. एका हेडमास्तरांची गोष्ट ऑफिसात फार चवीनं सांगितली जाई. भाव ठरला, इसार झाला, आणि दुसऱ्या दिवशी भागुजीशेठनं पाच हजार वाढवा म्हटल्याबरोबर गुरुजी ताडकन उठले ते टपरीवर थांबलेच नाहीत. संतापाच्या भरात शोरूममध्ये जाऊन कर्ज काढून कोरी गाडी घेऊन आले. ते कळल्यावर भागुजीशेठच त्यांच्या घरी गेले, पेढे घेऊन, इसार दुप्पट करून. विकणाऱ्यानं सौदा मोडला तर इसार दुप्पट परत, एवढा बाजाराचा नियम ते पाळत. "अहो गुरुजी, भांडायचं सोडून रुसता काय?" असं म्हणत ते त्या नव्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले, मागच्या चाकात हवा कमी आहे म्हणून सांगितलं आणि जेवूनच उठले.

ही खोड फक्त धंद्यापुरती होती असंही नाही. भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना ओळखून होते. न्हावी तर अर्धी दाढी झाल्यावर पैसे हातात घ्यायचा आणि मग उरलेली अर्धी करायचा. घरी शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाहुण्यांसमोर खुशाल म्हणायच्या, "सप्तपदीला सहाव्या पावलावर थांबले न्हाई हेच माझं नशीब." भागुजीशेठ यावर खाली मान घालून हसायचे. हसताना त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांद्यावरचा पंचा हलायचा.

पुढं ओळख वाढल्यावर मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, की शेठ, भाव ठरवायचा आणि मोडायचा, यात तुम्हाला मिळतं काय? शेवटी देता तर ठरल्या भावालाच. ते म्हणाले, "साहेब, ज्याला गरज आहे तो भांडतो. ज्याला निस्ती हौस आहे तो फुगून घरी जातो. हौसवाल्याला गाडी दिली की तीन महिन्यात परत घेऊन येतो, अन् माझ्या नावानं बोंबलतो. मंग आधीच बघितलेलं बरं न्हाई का?" पटण्यासारखं होतं. पण मला वाटतं, अर्धं कारण हे आणि अर्धं कारण मजा. बैलबाजारात वाढलेल्या माणसाला एका शब्दात मिटलेला सौदा अळणी लागत असणार.

आयुष्यात एकदाच हा माणूस पलटला नव्हता. लेकीच्या सोयरिकीत. व्याही विठ्ठलराव हे मोठं प्रस्थ, शेती भरपूर आणि राग त्याहून भरपूर. बैठकीत ते जे जे म्हणाले त्याला भागुजीशेठ हो म्हणत गेले. शांताकाकू सांगायच्या, मी पडद्याआडून वाट बघून राह्यले की आता पलटतील, मंग पलटतील, तर हे आपले नंदीबैलासारखे मान हलवून राह्यले! लेक त्या घरात सुखात होती, पण सासऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे विठ्ठलराव समोर आले की भागुजीशेठ बाजेवरून उठून उभे राहायचे. स्वतःच्या दुकानात.

आता आमची गरज सांगतो. आम्ही भोकरदनला राहतो. मी रोज एसटीनं जालन्याला येतो, आणि अश्विनी, माझी बायको, पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत शिकवते. ती स्कूटीवर जायची. रस्ता कसा आहे हे त्या रस्त्यानं गेलेल्याला सांगायला नको. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण म्हणून कशाकडेच बोट दाखवता येत नाही. पण अश्विनीनं आपल्या मनाशी त्या रस्त्यावरचा एक खड्डा धरून ठेवला होता, आणि आम्ही दोघं कधी तिथून गेलो की ती माझ्याशी बोलायची बंद व्हायची. यंदा पुन्हा दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी पहिलं वाक्य हेच म्हटलं, की स्कूटी बंद. काळीपिवळी जीपमध्ये माणसं टपापर्यंत भरलेली, त्यात जायचं म्हणजे स्कूटी बरी. रजा म्हणाल तर मागच्याच वेळी संपलेली, आणि घराचे हप्ते तिच्या पगारातून जाणारे. म्हणजे गाडी हवी होती, तीही लगेच. गाडी चालवायचा प्रश्न नव्हता. मला येत नव्हती, पण अश्विनी आष्टीची, वडिलांची जीप शाळेत असल्यापासून चालवलेली. "तू मागं बस अन् देवाचं नाव घे," असं ती मला लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात म्हणाली होती.

एका शनिवारी आम्ही भागुजीशेठकडे गेलो. कोपऱ्यात एक पांढरी छोटी गाडी उभी होती, बाकीच्यांपेक्षा स्वच्छ. "ही आमच्या व्याह्यांची," भागुजीशेठ म्हणाले. "कालच आणून लावली. मी अजून चालवली न्हाई." अश्विनी आत बसली. सीट मागं सरकवली, आणखी मागं सरकवली, स्टिअरिंग आणि पोट यांच्यातलं अंतर हातानं मोजलं, आणि तसाच हात क्षणभर पोटावर ठेवून बसली. मी भाव बोलत होतो. भागुजीशेठ माझ्याशी बोलत होते खरे, पण बघत तिकडे होते. दोन लाख चाळीसला ठरलं. इसार दिला, हातात हात झाला.

"उद्या सकाळी या. मी तवर राजूरला जाऊन येतो."

हाही त्यांचा एक नेम. आमच्या भागात नवी गाडी आधी राजूरच्या गणपतीला दाखवून आणतात, पण ती घेणारा नेतो. भागुजीशेठ विकलेली प्रत्येक गाडी स्वतः, एकटे, राजूरला नेऊन आणत. तीही भाव ठरल्यानंतरच. गाणी बंद, काचा खाली. दुर्वा-नारळ वाहायचे आणि परत. लोक म्हणायचे, माणूस लबाड आहे पण भक्त मोठा आहे.

रविवारी सकाळी आम्ही पेढे आणि गाडीला घालायचा हार घेऊन पोचलो. अश्विनीनं ठेवणीतली साडी नेसली होती. मी तिला वाटेत मुळेसाहेबांचा सगळा धडा म्हणून दाखवला होता. तो पलटेल, आपण उठायचं, चपला, फाटक, टपरी. ती हो हो म्हणत होती, पण तिचं लक्ष हारावर होतं. बाजेवर एक भारदस्त गृहस्थ चहा पीत बसले होते. विठ्ठलराव. गाडीचे पैसे घ्यायला आले होते. आम्हीही चपला काढून बाजेच्या कडेला टेकलो. थोड्या वेळानं भागुजीशेठ पांढरी गाडी घेऊन आले, पण ती आमच्यापर्यंत आणली नाही. पार कुंपणाच्या कडेला लावली, किल्ली मुठीत धरली आणि चालत आले. आम्हाला या म्हणाले नाहीत, चहा विचारला नाही.

"साहेब, रात्रभर झोप न्हाई. त्या भावात न्हाई जमत. वीस वाढवा."

पाचाऐवजी वीस! पण धडा पाठ होता. मी शांतपणे उठलो आणि एक चप्पल पायात घातली.

"ठीक आहे," अश्विनी म्हणाली. "देतो आम्ही वीस."

मी एका चपलेवर तसाच उभा. विठ्ठलरावांनी कप खाली ठेवला. भागुजीशेठचा चेहरा असा झाला, की त्या चेहऱ्याचा अर्थ मला लागेना. इतक्या वर्षांच्या धंद्यात पलटीला कोणी हो म्हटलेलं बहुधा त्यांना माहीतच नव्हतं.

"वीस न्हाई," ते म्हणाले. "चाळीस."

"चाळीस तर चाळीस. माझ्या पाटल्या मोडते."

"अश्विनी!" मी म्हणालो.

"तू गप. मला उद्यापासून शाळेत जायचंय."

"वा! पार्टी चांगली आहे व्याही," विठ्ठलराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "दोन ऐंशी. घ्या, करा पक्कं."

भागुजीशेठनं पंच्यानं कपाळ पुसलं. ऊन अजून चढलं नव्हतं, पण त्यांना घाम सुटला होता. मग एकाएकी त्यांनी आवाज चढवला. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"मला गाडी विकायचीच न्हाई तुम्हाला! दोन लाख ऐंशी न्हाई अन् तीन न्हाई! उठा बाई. हा घ्या इसार, दुप्पट घ्या, अन् जल्दी निघा."

नोटा त्यांनी बाजेवर आपटल्या. अश्विनी उठली. बाहेर येईपर्यंत तिनं धीर धरला आणि फाटकाशी आल्यावर हार माझ्या हातात कोंबून रडायला लागली. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. तरीही मी टपरीवर थांबलो. मूर्खासारखा हातात हार धरून उभा राहिलो आणि त्या शेडकडे बघत राहिलो. हाक आली नाही. टपरीवाला म्हणाला, "आज काय झालं शेठला?" त्याला काय सांगणार, कपाळ? आम्ही एसटी पकडली. अख्खा रस्ता मी भागुजीशेठला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा अश्विनीला ऐकू गेल्या. पाटल्या मोडायला निघालेल्या बाईलाही हाकलून देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला होता. राजूर आलं तेव्हा खिडकीतून कळसाला हात जोडायलाही माझं मन होईना.

संध्याकाळी दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं तर भागुजीशेठ. मागं एक निळसर, धुळीनं भरलेली गाडी. मी दार लावूनच घेणार होतो, पण ते आत आलेसुद्धा, आणि खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसले.

"पाणी द्या बाई. मंग शिव्या द्या."

अश्विनीनं पाणी दिलं. ते प्यायले, तोंड पुसलं आणि तिच्याकडेच बघून बोलायला लागले. माझ्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

"तुम्ही काल सीट मागं घेतली अन् मी समजलो, बाई दोन जीवांची आहे. सकाळी राजूरला गेल्तो. रस्ता मोकळा होता म्हणून जरा पळवली, तर गाडी एका अंगाला ओढून राह्यली. म्हणलं टायर असंल. उतरून बघितलं तर टायर बराबर. मंग देवळासमोर गाडी लावली, आतली चटई उचलली. खाली जोड. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून रंग मारलेला. बाई, ती एक गाडी न्हाई. दोन ठोकलेल्या गाड्यांची एक केलेली आहे. पुढचं धड एकीचं, मागचं दुसरीचं."

अश्विनी भिंतीला टेकून खाली बसली.

"मग तिथंच सांगायचं ना, शेठ!" मी म्हणालो. "माणसाचा इतका अपमान करून..."

"कोणासमोर सांगू? गाडीचा धनी बाजेवर बसून चहा पिऊन राह्यलेला. माझी लेक त्याच्या घरात. भरल्या दुकानात मी त्याची गाडी खोटी म्हणलो असतो, तर ताटावर बसताना रोज तिला ऐकावं लागलं असतं. म्हणून म्हणलं, आपली खोड तर साऱ्या दुनियेला माहीत आहे. पलटी मारू. साहेब उठतील, निघून जातील, व्याह्यांना संशय यायचा न्हाई." इथं त्यांचा पंचा हलायला लागला. "तर या बाई हो म्हणाल्या! मी वाढवू राह्यलो अन् या हो म्हणू राह्यल्या. तुम्ही हो म्हणत गेल्या अन् माझी वाट लागत गेली."

"कशी?" अश्विनीनं विचारलं.

"आता व्याही म्हणून राह्यले, दोन ऐंशीला गिऱ्हाईक तयार होतं, ते तुम्ही हाकललं. आता दोन ऐंशी तुम्हीच द्या."

"आणि तुम्ही?"

"दिले की."

आधी अश्विनी हसली. रडता रडता मध्येच हसली, आणि मग थांबेचना. भागुजीशेठ पंच्यात तोंड घालून हसत होते. मी मात्र हसू शकलो नाही. त्या पांढऱ्या गाडीत ती सोमवारी एकटी बसून निघाली असती, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. आणि त्याचबरोबर इतकं हलकं वाटत होतं की तिथंच आडवं व्हावं. मी त्यांचा हात धरला. काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी तो हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "ते राहू द्या. बाहेरची निळी बघा. रूपानं यथातथा आहे, पण सरळ चालती. राजूरवरूनच आणली आता."

विठ्ठलरावांना तो जोड ठाऊक होता की तेही कुठं फसले होते, हे मी पुढं दोनदा विचारून बघितलं. भागुजीशेठनं दोन्ही वेळा विषय बदलला.

निळ्या गाडीचा भाव त्या सतरंजीवरच ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन वाजला. "बाई, रात्रभर झोप न्हाई. तीन हजार वाढवा." अश्विनी तयारीतच होती. आष्टीच्या बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बिलकुल न्हाई! एक रुपया न्हाई!" पलीकडून समाधानाचा सुस्कारा ऐकू आला. "बराबर. घेऊन जा."

त्या गाडीनं ती सातव्या महिन्यापर्यंत पिंपळगावला गेली आणि आली. मी बरोबर असलो तरी त्या खड्ड्यापाशी ती गाडी अगदी सावकाश काढायची, पण आता माझ्याशी बोलत बोलत. अधूनमधून भागुजीशेठ रस्त्यात कुठंतरी भेटायचे, गाडी थांबवायचे, उकिडवे बसून चाकं बघायचे आणि तिला, "काय म्हणतंय?" एवढंच विचारायचे. ते गाडीबद्दल असे की बाळाबद्दल, हे आम्ही विचारलं नाही. मला गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. राजूरच्या रस्त्यावर शेजारी बसून त्यांनी मला जे काही ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकदा म्हणाले, "साहेब, बैलबी तुमच्यापेक्षा आधी समजतो." पण नवव्या महिन्यात माझ्या हाती गाडी आली होती. आणि मुलगी झाली. धडधाकट, भरपूर रडणारी. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी इतका वेळ रडलो की आयाबाई मला विचारायला आली, काय झालं भाऊ, सगळं बरं आहे ना?

सव्वा महिन्यानं मी दोघींना आष्टीहून घेऊन निघालो. मी गाडी चालवत होतो, अश्विनी मागं बाळाला घेऊन. वाटेत भागुजीशेठचा फोन. "लेकीचं तोंड बघायचं आहे. पण मी दुकानावर न्हाई, एमआयडीसीत अडकलो. इकडून या." पत्ता सांगितला तो एका भंगाराच्या यार्डाचा. जालना हे लोखंडाचं गाव. गावोगावचं भंगार इथं येतं, वितळतं आणि सळया होऊन जातं.

यार्डाच्या तोंडाशी ते उभे होते. त्या काही महिन्यांत बरेच वाळले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, पण आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी मागचं दार उघडलं, शांताकाकूंनी विणलेलं टोपडं काढलं आणि वाकून बाळाच्या डोक्यावर नीट बसवलं. कानावरून ओढलं, मागून ओढलं. चाकांकडे त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही.

"कशात अडकलात?" अश्विनीनं विचारलं.

त्यांनी नुसतं मागं बोट केलं. आत, गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगापुढं, ती पांढरी गाडी उभी होती. नंबरप्लेट काढलेली, काचा काढलेल्या.

"इतके दिवस कुठं होती ही?"

"शेतातल्या शेडमध्ये. ताडपत्रीखाली. व्याही विचारून राह्यले होते, कोणाला दिली म्हणून. त्यांनी विचारणं सोडलं, मंग आणली. कागद रद्द केले. दोघं गिऱ्हाईक आल्ते घ्यायला, चांगला भाव देत होते." ते थांबले. "मला माहीत झाल्यावर कोणाला देऊ?"

तेवढ्यात आत क्रेनचा आवाज झाला. गाडीच्या पोटाखालून साखळी घालून तिला उचलत होते. खाली एक माणूस गॅसचा कटर पेटवून उभा होता, कापायला. गाडी जमिनीपासून पुरुषभर उंच गेली असेल नसेल. कडकन आवाज झाला. बरोबर मधून, पुढच्या सीटच्या खालून, ती उसवली. मागचं धड धाडकन खाली पडलं. पुढचं साखळीत लटकत राहिलं, स्टिअरिंगसकट, गोल फिरत. कटरवाला दोन पावलं मागं उड्या मारून पळाला. आच अजून लागलीसुद्धा नव्हती.

अश्विनीनं बाळाला असं घट्ट धरलं की ते जागं होऊन रडायला लागलं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडून बसलो होतो. आमची गाडी तर उभीच होती.

भागुजीशेठनं आवाज ऐकला, पण मागं वळून बघितलं नाही. त्यांचा एक हात आमच्या गाडीच्या टपावर होता आणि ते रडणाऱ्या बाळाकडे बघत होते. मग त्यांनी दार आपल्या हातानं लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं आणि टपावर दोनदा थाप मारली.

"जा आता. ऊन व्हायच्या आत घरी जा. सावकाश."

आरशात ते मला बराच वेळ दिसत होते. धुळीत उभे, पंच्यानं तोंड पुसत. अश्विनी मागं वळून त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या मांडीवर आमची लेक, ते टोपडं डोळ्यांवर आलेलं, रडून रडून झोपली होती.